न्यायासनाची पात्रता आणि न्यायमूर्ती रानडे

उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसावयास एखादा मनुष्य पात्र आहे किंवा नाही, हे कशावरून ठरवावे? परीक्षा, सेवेची वर्षे आणि सरकारची मर्जी एवढ्यावरच ते ठरते, असे पुष्कळांस वाटते. कै. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र या प्रश्नाचे अधिक खोल उत्तर देते. म्हणून ते आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे, विशेषतः तरुणांपुढे, ठेवीत आहोत.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली, तीत ते उत्तीर्ण झाले. पुढे ते एम. ए. व एल्‌एल्. बी. झाले, एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि १८७१ साली अ‍ॅडव्होकेटची परीक्षाही दिली. त्याच वर्षी पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी उच्च न्यायालयाच्या नेमणुका १८६१ च्या कायद्यान्वये होत. पाच वर्षांचे बॅरिस्टर, दहा वर्षांचे सनदी नोकर, पाच वर्षे विशिष्ट दर्जाचे न्यायाधीशपद भोगलेले गृहस्थ आणि दहा वर्षांचे वकील असे चार वर्ग त्यात होते. एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांस व तितक्याच सनदी नोकरांस राखून ठेवलेल्या असत. उरलेल्या वाटेतून एतद्देशीय विद्वानास वर चढणे किती कठीण होते, याची कल्पना यावरून येईल.

रानड्यांच्या वाटेत आणखी एक धोंड होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक असल्याने त्यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी होती. १८७८ साली त्यांची नाशिकास बदली झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे राज्यकर्ते साशंक झाले, तेव्हा रानड्यांस धुळ्यास धाडण्यात आले व त्यांच्या टपालावर पाळत ठेवण्यात आली. रानड्यांनी ना त्रागा केला, ना राजीनामा दिला. ज्यांचा आपल्यावर विश्वास नाही त्यांच्याच कचेरीत बसून पक्षकारांस निःपक्षपाती न्याय देणे, ही आमच्या मते न्यायाधीशाची खरी परीक्षा होय. तीत ते उतरले. १८८१ साली सरकारनेच त्यांस मुंबईस मॅजिस्ट्रेटच्या जागेवर नेले.

त्यांच्या कामाचे महत्त्व खेड्यापाड्यांत अधिक दिसले. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावरील आकडा मान्य न करता मुळात व्यवहार काय झाला, हे न्यायाधीशाने शोधावे, असा त्याचा आशय होता. या कायद्याखाली रानड्यांनी गावोगाव फिरून खालच्या कोर्टांचे काम तपासले आणि १८८७ साली ते विशेष न्यायाधीश झाले. कुळाची कड घेताना सावकाराचे रास्त येणे बुडू नये, असा तराजू त्यांस सांभाळावा लागे.

तथापि तोच तराजू त्यांच्या स्वतःच्या चरित्रासही लावला पाहिजे. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असून १८७३ साली प्रथम पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. सुधारकांनी त्यांस दोष दिला आणि तो दोष खोटा नव्हता. पुढे त्यांनीच पत्नीस शिकविले व त्या रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाद्वारे शेकडो स्त्रियांच्या शिक्षणाची सोय केली, हेही तितकेच खरे. एक बाजू लपवून दुसरी सांगणे हा न्याय नव्हे.

१८८९ साली उच्च न्यायालयाची जागा काशिनाथ त्रिंबक तेलंग यांस मिळाली. तेलंग विद्वान होते, योग्यही होते, पण रानड्यांहून आठ वर्षांनी लहान होते. रानड्यांच्या मनात मात्र किल्मिष आले नाही. १ सप्टेंबर १८९३ रोजी तेलंग अकाली वारले आणि त्यांच्या रिक्त आसनावर, पहिल्या नेमणुकीनंतर बावीस वर्षांनी, रानडे बसले. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासग्रंथात त्यांनी तेलंगांच्या निबंधास आदराने स्थान दिले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे दिवंगत झाले. उच्च न्यायालयात त्यांस जेमतेम सात वर्षे लाभली, परंतु न्यायमूर्ती ही पदवी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

आजच्या संविधानाच्या २१७ व्या कलमात या पदासाठी दहा वर्षांच्या न्यायिक पदाची किंवा वकिलीची अट आहे. वर्षे मोजता येतात, मनाचा समतोल मोजता येत नाही. आपल्या ज्ञातीतील कोणी मोठ्या पदावर चढला की आपणांस आनंद होतो, व तो व्हावाही. पण तो आपला आहे एवढे पाहून थांबू नये. परक्याचे म्हणणेही तो शांतपणे ऐकून घेईल काय, हे आपण आधी विचारावे. रानड्यांची योग्यता या कसोटीवर ठरली. आपल्या मुलांचीही त्याच कसोटीवर ठरावी, अशी आमची इच्छा आहे.