रफिउद्दीन अहमद

डॉ. रफिउद्दीन अहमद (२४ डिसेंबर, इ.स. १८९० – ९ फेब्रुवारी, इ.स. १९६५) हे भारतीय दंतवैद्य, शिक्षक आणि पश्चिम बंगालमधील राजकारणी होते. भारतातील पहिले दंत महाविद्यालय त्यांनी इ.स. १९२० मध्ये कलकत्ता येथे स्थापन केले. त्यांना भारतातील आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाते.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

अहमद यांचा जन्म पूर्व बंगालमधील बर्धनपाडा या गावी झाला. त्यांचे शिक्षण ढाका आणि अलीगढ येथे झाले. इ.स. १९०९ मध्ये ते अमेरिकेस गेले. आयोवा विद्यापीठातून त्यांनी इ.स. १९१५ मध्ये दंतशल्यचिकित्सेची पदवी मिळवली. त्यानंतर बॉस्टन येथील फोर्सिथ दंत रुग्णालयात त्यांनी काम केले. गरीब घरांतील मुलांच्या दातांवर उपचार करण्यासाठी हे रुग्णालय उभारण्यात आले होते. पहिले महायुद्ध संपल्यावर इ.स. १९१९ मध्ये ते भारतात परतले.

कलकत्ता दंत महाविद्यालय

त्या काळी भारतात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था नव्हती. परदेशी शिकून आलेले मोजके दंतवैद्य मोठ्या शहरांत व्यवसाय करीत. इतरांना दात काढण्यासाठी रस्त्यावर बसणाऱ्या किंवा गावोगाव फिरणाऱ्या अप्रशिक्षित व्यक्तींवर अवलंबून राहावे लागे. या व्यवसायासाठी परवाना किंवा नोंदणीची अट नव्हती.

अहमद यांनी इ.स. १९२० मध्ये कलकत्ता दंत महाविद्यालय सुरू केले. या कामाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी शहरात न्यू यॉर्क सोडा फाउंटन नावाचे उपाहारगृह चालवले आणि त्याचे उत्पन्न महाविद्यालयाकडे वळवले. पहिल्या ३ वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या अवघी ११ होती. महाविद्यालयाचे दरवाजे स्त्रियांसाठीही खुले होते. मोहम्मद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना यांनी येथे शिक्षण घेऊन इ.स. १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. इ.स. १९२८ मध्ये अहमद यांनी विद्यार्थ्यांसाठी दंतोपचारांवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. इ.स. १९३६ मध्ये महाविद्यालयाला रुग्णालयाची जोड मिळाली. १९३० च्या दशकात मुंबई आणि लाहोर येथेही दंत महाविद्यालये सुरू झाली.

इ.स. १९४९ मध्ये अहमद यांनी आपली संस्था पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केली. खाजगी उत्पन्नावर उभे राहिलेले हे महाविद्यालय त्यामुळे सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा भाग बनले. आज ते डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय व रुग्णालय या नावाने ओळखले जाते.

संघटना आणि कायदा

केवळ पदवीधर तयार करून व्यवसायाला शिस्त लागणार नाही, हे ध्यानात घेऊन अहमद यांनी संघटना आणि कायदा या दोन्ही बाजूंनी प्रयत्न केले. इ.स. १९२५ मध्ये त्यांनी बंगाल डेंटल असोसिएशनची स्थापना केली. त्याच वर्षी इंडियन डेंटल जर्नल हे नियतकालिकही त्यांनी सुरू केले. इ.स. १९४६ पर्यंत ते त्याचे संपादक होते. पुढे इंडियन डेंटल असोसिएशनचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. बंगाल दंतवैद्य कायदा, १९३९ संमत होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दंतवैद्यकाच्या व्यवसायाचे नियमन करणारा हा भारतातील पहिला कायदा होय.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने इ.स. १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यात देशातील पात्र दंतवैद्यांची संख्या सुमारे १,००० दिली होती, म्हणजे जवळपास ३ लाख लोकसंख्येमागे १ दंतवैद्य. इ.स. १९७१ पर्यंत हे प्रमाण ४,००० लोकांमागे १ असे व्हावे, असे उद्दिष्ट समितीने ठेवले.

इ.स. १९४८ मध्ये देशव्यापी दंतवैद्य कायदा आला आणि पुढील वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. या कायद्याने नोंदवहीचे अ आणि ब असे दोन भाग केले. मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांची नोंद अ भागात होऊ लागली. पदवी नसली तरी किमान ५ वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणाऱ्यांना ब भागात स्थान मिळाले. प्रशिक्षित मनुष्यबळ अत्यंत तुटपुंजे असताना जुन्या व्यावसायिकांना एकदम बाजूला न सारता व्यवसाय नियमांखाली आणण्याचा हा मार्ग होता.

राजकीय कारकीर्द

अहमद इ.स. १९३२ ते १९३६ या काळात कलकत्ता महानगरपालिकेचे नगरसेवक होते. स्वातंत्र्यानंतर ते डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि इ.स. १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी कृषी, सहकार, तसेच मदत व पुनर्वसन अशी खाती सांभाळली.

सन्मान आणि वारसा

भारत सरकारने इ.स. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, भारतात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

आज देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत. तथापि बहुतेक दंतवैद्य शहरांत एकवटले असून ग्रामीण भागात त्यांची उणीव कायम आहे. अहमद यांच्या काळात दंतवैद्य घडवणे ही मुख्य अडचण होती. आता घडलेले दंतवैद्य गरजूंपर्यंत पोहोचवणे हे सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेपुढील आव्हान आहे.