पंचानन माहेश्वरी : परागकणातून रोप

वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी (१९०४-१९६६) मूळचे जयपूरचे. अलाहाबादला शिकताना विनफील्ड डजन या अमेरिकी प्राध्यापकांमुळे ते वनस्पतींच्या भ्रूणाच्या अभ्यासाकडे वळले. पुढे ते दिल्ली विद्यापीठात विभागप्रमुख झाले. १९५० सालचे त्यांचे भ्रूणशास्त्रावरील पुस्तक जगभर वापरले गेले. पण शेतीच्या दृष्टीने मोठे काम त्यांच्या विभागातले. १९६२ मध्ये तिथे खसखशीच्या बीजांडांचे फलन थेट परीक्षानळीत घडवले. १९६४ मध्ये शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे कोवळे परागकोश पोषक माध्यमावर ठेवले, तर परागकणांतून चक्क भ्रूण निघाले!

परागकणाचे नेमून दिलेले काम नरपेशी तयार करण्याचे. मग भ्रूण कसा झाला? जनुके तीच राहतात. त्यांतली कोणती चालू आणि कोणती बंद, एवढे बदलते. हा उलगडा अर्थात नंतरचा. अशा रोपात गुणसूत्रे निम्मी असतात. कोल्चिसीन वापरून ती दुप्पट केली की पैदासकाराला एकाच पिढीत शुद्ध वंश मिळतो. एरवी स्वपरागीकरणाच्या सहा-सात पिढ्या जातात.

माहेश्वरी १९६६ मध्ये वारले. दोनच वर्षांनी जपानमध्ये भाताच्या परागकोशांतून अशी रोपे मिळाली.