ग्रेगोर मेंडेल : दुर्लक्षित निबंधाचा धनी

जीवशास्त्राच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला पूर्वसंशोधनाचा आढावा लिहावयास सांगितला की, तो बहुधा निबंधांची नावे आणि निष्कर्ष ओळीने मांडून मोकळा होतो. आधीच्या संशोधकांनी काय केले, याइतकेच त्यांचे काय करावयाचे राहून गेले हे हुडकणे, हा आढाव्याचा खरा हेतू असतो. आनुवंशशास्त्राचे जनक ग्रेगोर मेंडेल यांचे मोठेपण अशाच डोळस वाचनातून सुरू झाले. आणि इतरांनी तसे वाचन न केल्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली.

तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात १८२२ साली शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८४३ मध्ये त्यांनी ब्रनो येथील सेंट थॉमस मठात प्रवेश केला. १८५० मध्ये शिक्षकपदाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. मात्र मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले आणि १८५१ ते १८५३ या काळात त्यांनी तेथे पदार्थविज्ञान, गणित व वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले.

वनस्पतींच्या संकरावर तोवर विपुल लेखन झाले होते. कोलरॉयटर आणि गार्टनर हे त्यातील अग्रणी. गार्टनर यांनी तर हजारो प्रयोगांचा तपशील ग्रंथबद्ध केला होता. मेंडेल यांनी हे लेखन बारकाईने वाचले आणि आपल्या निबंधाच्या प्रारंभीच त्यातील उणीव दाखविली : संकरित वनस्पतीच्या संततीत किती प्रकारची रोपे निपजतात, ती कोणत्या पिढीत आणि कोणत्या प्रमाणात, याची पद्धतशीर मोजणी कोणीच केली नव्हती.

ती मोजणी करण्यासाठी त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण घेऊन दोन वर्षे त्यांची शुद्धता पडताळली आणि २२ वाण निवडले. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे मठाच्या बागेत प्रयोग चालले. सात गुणधर्मांचा त्यांनी मागोवा घेतला. एका प्रयोगात दुसऱ्या पिढीतील ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल, तर १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळपास तीनास एक. इतर गुणधर्मांतही हेच प्रमाण आढळले.

१८६५ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्यांनी हा निबंध वाचला. १८६६ मध्ये तो मंडळाच्या नियतकालिकात छापून निघाला आणि युरोपातील अनेक ग्रंथालयांत पोहोचला. मेंडेल यांनी आपल्यासाठी ४० प्रती काढवून घेतल्या. त्यातील एक म्युनिकचे ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना पाठविली. नेगेली यांना मात्र वाटाण्यातील प्रमाणाचे महत्त्व उमगले नाही. ते ज्या हॉकवीड वनस्पतीचा अभ्यास करीत, तिच्यावर मेंडेल यांनी पुढे प्रयोग केले. परंतु ती बहुधा परागीकरणाविनाच बी धरत असल्याने तेथे वाटाण्याचा नियम दिसेना. १८६८ मध्ये मठाधिपतिपद आले. पुढे मठावरील कराबाबत शासनाशी दीर्घ संघर्ष चालला. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा विज्ञानजगताने दखल घेतली नाही.

वास्तविक त्यांचा निबंध अज्ञात नव्हता. वनस्पतिसंकरावरील फोके यांच्या १८८१ च्या संदर्भग्रंथात त्याचा अनेकदा उल्लेख होता. संकरांत स्थिर प्रमाण आढळल्याचे मेंडेल यांना वाटले, एवढीच त्यांच्या सिद्धांताची नोंद त्यात झाली.

१९०० साली नेदरलँड्सचे द व्रीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेरमाक यांनी आपापल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुने साहित्य चाळताना ३४ वर्षांपूर्वीचा निबंध त्यांच्या हाती लागला होता. चेरमाक यांना त्याचा माग फोके यांच्या ग्रंथातूनच मिळाला. द व्रीस यांच्या पहिल्या फ्रेंच टिपणात मेंडेल यांचे नाव नव्हते. कोरेन्स यांनी मात्र आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्या नियमाला मेंडेल यांचे नाव दिले. फोके यांच्या ग्रंथातील त्या नोंदी १९ वर्षे सर्वांसमोर होत्या. त्यांचे मोल मूळ निबंध उघडून वाचणाऱ्यांनाच कळले.