आठवड्याला एक सू : धन्यवादित पोलिन जारिको

वाचकहो, जबलपूरला जाण्याचा योग आला, तर तेथील तलावांची नावे एकदा लक्षपूर्वक ऐका. राणीताल हा राणी दुर्गावतीचा. शहराच्या उत्तरेकडील अधारताल हा तिचा मंत्री आधारसिंह याचा. आणि चेरीताल हा तिच्या दासीचा. चेरी म्हणजेच दासी. सोळाव्या शतकातील गोंडवनाच्या त्या राज्यात राणीने तलाव बांधला, मंत्र्याने बांधला आणि दासीनेही बांधला, असे परंपरा सांगते. अधारतालच्या परिसरात आज कृषी विद्यापीठ आहे, दाट वस्ती आहे; तलावाचे मूळ नाव मात्र पुसले गेलेले नाही.

याच जबलपूरच्या ख्रिस्तसभेचा इतिहास चाळला, तर तेथेही असाच एक तलाव आढळतो, परंतु तो बांधणाऱ्या स्त्रीचे नाव त्याला नाही. 1845 साली सव्हॉय प्रांतातील अ‍ॅनसी येथून संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी भारताकडे निघाले. विशाखापट्टणम हे त्यांचे केंद्र. पण त्यांच्याकडे सोपवलेला प्रदेश कामठी, नागपूर आणि जबलपूरपर्यंत पसरलेला होता. पुढे 1887 साली नागपूर धर्मप्रांत झाला. 1932 साली जबलपूर वेगळे होऊन हॉलंडच्या नॉर्बर्टाईन धर्मगुरूंच्या हाती गेले आणि 1954 साली ते स्वतंत्र धर्मप्रांत बनले. हा इतिहास सांगताना आपण बिशपांची आणि धर्मगुरूंची नावे घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु समुद्रप्रवासाचे भाडे, प्रार्थनामंदिराच्या विटा, अनाथ मुलांचे अन्न यांसाठी पैसा कोठून येत होता? त्यातील एक वाटा फ्रान्समधील लिआँ शहरातून येत असे. तो धनिकांच्या तिजोरीतून आलेला नव्हता. रेशमाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींनी, मोलकरणींनी आणि छोट्या दुकानदारांनी आठवड्याला एकेक नाणे देऊन तो जमवलेला होता. हे नाणे मागण्याची कल्पना जिला सुचली, त्या पोलिन जारिकोची ही कथा.

पोलिनचा जन्म 22 जुलै 1799 रोजी लिआँ येथे झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळाने चर्चे उजाड झाली होती. वडील आंत्वान जारिको गरीब शेतकरी कुटुंबातून वर येऊन रेशमाचे मोठे व्यापारी झाले होते. सात भावंडांत पोलिन शेंडेफळ. साहजिकच लाडाकोडात वाढलेली, रूपवान आणि नटण्यामुरडण्याची हौस असलेली. 1814 साली पडण्याचे निमित्त होऊन ती दीर्घकाळ आजारी पडली. त्याच सुमारास आईही गेली. प्रकृती सावरल्यावर ती पुन्हा समारंभांत मिरवू लागली, पण मनाला स्वस्थता नव्हती.

सतराव्या वर्षी, प्रायश्चित्तकाळात, साँ-निझिए येथील चर्चमध्ये तिने दिखाऊपणावरील प्रवचन ऐकले. आपल्या अंगावरच्या उंची वस्त्रांकडे पाहून ती अंतर्मुख झाली. दागिने तिने देऊन टाकले, रेशमाचा त्याग केला आणि कामगार स्त्रिया घालीत तसले जाडेभरडे कपडे घातले. त्याच वर्षीच्या नाताळात फुर्व्हिएर टेकडीवरील मारियामातेच्या मंदिरात तिने आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. मठात मात्र ती गेली नाही. ती अखेरपर्यंत प्रापंचिकच राहिली, हे आपण विसरू नये. तिच्या आयुष्याचे सारे वेगळेपण त्यात आहे.

तिचा भाऊ फिलेआस पॅरिसमध्ये धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत होता. पूर्वेकडील देशांत धर्मगुरू पाठवणारी पॅरिसची मिशन संस्था किती हलाखीत आहे, हे त्याच्या पत्रांतून तिला कळले. मदत करावी असे तिला तीव्रतेने वाटे, पण कशी? श्रीमंतांकडे पदर पसरला, तर एकदा मोठी देणगी मिळेल आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. 1819 च्या शरदातील एका संध्याकाळी घरची मंडळी पत्ते खेळत होती. पोलिन शेकोटीजवळ बसली होती. एकाएकी तिला उत्तर सुचले आणि जवळच्या एका पत्त्यावर तिने योजना टिपून ठेवली, असे तिचे चरित्रकार सांगतात.

योजना अशी. प्रत्येकाने दहा माणसे गाठायची. त्या दहांनी दर आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे एका फ्रँकचा विसावा भाग. कामगार मुलीलाही तो जड जाणार नाही. दहांच्या प्रमुखाने ती रक्कम शंभरांच्या प्रमुखाकडे द्यायची, त्याने हजारांच्या प्रमुखाकडे आणि तेथून ती मध्यवर्ती निधीत जमा व्हायची. सोबत रोज एक प्रार्थनाही म्हणायची. योजना इतकी साधी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू यावे.

पण ज्यांनी हा वसा घेतला, त्या रेशीम कारखान्यातील मुली हसल्या नाहीत. पोलिनने त्यांना आधीच प्रार्थनेसाठी एकत्र आणले होते. गिरणीतून गिरणीत, घरातून घरात ही साखळी पसरत गेली आणि पॅरिसच्या मिशन संस्थेकडे नियमित रक्कम जाऊ लागली. टीकाही झाली. एका तरुण मुलीने चर्चच्या कामासाठी पैसे गोळा करावेत, हे काही धर्मगुरूंनाच पटेना. तिच्यावर महत्त्वाकांक्षेचा आरोप झाला.

याच सुमारास अमेरिकेतील लुइझियानाचे बिशप द्युबूर यांच्या मिशनसाठीही लिआँमध्ये मदतीचा शोध चालू होता. एका मिशनसाठी वेगळी आणि दुसऱ्यासाठी वेगळी झोळी कशाला, सर्व जगातील मिशनांसाठी एकच संस्था असावी, असा विचार पुढे आला. 3 मे 1822 रोजी शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांची बैठक भरली आणि श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली. पद्धत मात्र पोलिनचीच: दहांचे गट आणि आठवड्याचा सू. बैठकीला पोलिन नव्हती. पुढे कार्यकारी मंडळ पुरुषांचे झाले. तिने तक्रार न करता आपली माणसे आणि आपला निधी त्यांच्या स्वाधीन केला.

संस्थेच्या कामाची एक खुबी मला विशेष वाटते. मिशनऱ्यांची पत्रे छापणारे एक नियतकालिक ती काढीत असे आणि दर दहा सभासदांमागे त्याचा एक अंक मिळे. म्हणजे तो हातोहात फिरणार. विशाखापट्टणमच्या मिशनची पत्रेही त्यात छापली गेली. ज्या बाईने कधी समुद्र पाहिला नाही, तिला आपला सू कोठे पोहोचला हे कळत होते. आणि प्रार्थनेत या सभासदांनी रोज ज्या संताचे नाव घ्यायचे, ते संत फ्रान्सिस झेवियर. त्यांचे पवित्र अवशेष तर आपल्या गोव्यात आहेत.

1826 साली पोलिनने ‘जिवंत रोझरी’ सुरू केली. पंधरा जणांचा गट. रोझरीची पंधरा रहस्ये वाटून घ्यायची, प्रत्येकाने रोज एकच दशक म्हणायचे. ज्यांना पूर्ण रोझरीला वेळ नसे, त्यांच्याकडून मिळून रोज पूर्ण रोझरी होत असे. येथेही विचार तोच: थोडे, पण नियमाने आणि सर्वांनी मिळून. (2002 पासून प्रकाशाची रहस्ये आल्यामुळे आता गट वीस जणांचा लागतो.) थोड्याच वर्षांत लाखो माणसे त्यात सामील झाली. 1835 साली हृदयविकाराने मरणोन्मुख अवस्थेत ती रोमला पोहोचली, तेव्हा पोप ग्रेगरी सोळावे स्वतः तिला भेटावयास आले. त्यानंतर मुन्यानो येथे संत फिलोमिनाच्या मंदिरात ती अचानक बरी झाली.

वाचकहो, चरित्र येथेच थांबले असते, तर ते वाचायला सुखद झाले असते. पण 1831 आणि 1834 साली लिआँच्या विणकरांनी उठाव केला होता आणि तो रक्तात बुडवला गेला, हे पोलिनने डोळ्यांनी पाहिले होते. कामगाराला न्याय्य मजुरी, घर, मुलांना शाळा आणि प्रार्थनेला मंदिर मिळेल, असा कारखाना उभारण्याचे तिने ठरवले. 1845 साली रुस्त्रेल येथील लोखंडाचा कारखाना घेतला. कारभार ज्यांच्या हाती दिला, त्यांनी विश्वासघात केला. 1852 साली सारे बुडाले. तिची संपत्ती गेली, त्याचबरोबर तिच्या शब्दावर विसंबून गरिबांनी ठेवलेली बचतही गेली. व्यवहारात ती भाबडी ठरली, हे झाकण्याचे कारण नाही. तिने स्वतःही झाकले नाही. पुढची सारी वर्षे तिने ते पैसे फेडण्यासाठी दारोदार याचना केली. जी संस्था तिच्या कल्पनेवर उभी होती, तिच्याकडेही तिने हात पसरला. रोमहून तिच्या बाजूने शब्द टाकला गेला. परंतु संस्थेच्या मंडळाने तिला संस्थापिका मानण्यास आणि साहाय्य देण्यास नकार दिला. 1853 साली तिचे नाव सरकारी दप्तरात निर्धन म्हणून नोंदले गेले. 9 जानेवारी 1862 रोजी ती वारली.

त्या निधीतून जगभर शाळा आणि चर्चे उभी राहत होती, तेव्हा ती जमवणारीच्या घरात पुरेसे सरपण नव्हते. मिशनकार्याला हातभार लावणे म्हणजे कौतुकाची हमी मिळवणे, असे समजणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे.

1922 साली, बरोबर शंभर वर्षांनी, पोप पायस अकरावे यांनी श्रद्धाप्रसार संस्थेला परमधर्मपीठाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि तिचे केंद्र रोमला आणले. 1926 साली त्यांनीच मिशन रविवार सुरू केला. ऑक्टोबरमधील शेवटून दुसऱ्या रविवारी आपण जे पाकीट पेटीत टाकतो, त्याचे मूळ तो एक सू आहे. मात्र एक गोष्ट आपल्या हातून निसटली आहे. पाकीट आपण राखले, दहा माणसे गमावली. पाकीट वर्षातून एकदा येते आणि कोणाचे ते कळतही नाही. पोलिनच्या पद्धतीत कोणीतरी दर आठवड्याला आपल्या दारात येत असे. त्यामुळे कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, हेही सहज कळत असे. तेव्हा पाकिटात किती घालावे हा प्रश्न बाजूला ठेवून आपली दहा माणसे कोण, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? अधारतालसारख्या वस्तीत, जेथे नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे विखुरलेली असतात, तेथे रोझरीची वीस रहस्ये वीस घरांत वाटून देण्यासाठी समिती लागत नाही, पैसाही लागत नाही. एकाने वीस घरांचे उंबरे झिजवावे लागतात, एवढेच. वसईच्या गावांत तर वीस माणसे एका आळीतच मिळतील.

1963 साली पोप जॉन तेविसावे यांनी पोलिनला आदरणीय म्हणून घोषित केले. घशात अन्न अडकून मरणपंथाला लागलेली लिआँमधील एक लहान मुलगी 2012 साली जिवंत रोझरीच्या संस्थापिकेच्या मध्यस्थीने बरी झाली. तो चमत्कार 2020 साली मान्य झाला. 22 मे 2022 रोजी लिआँ येथे कार्डिनल ताग्ले यांच्या हस्ते ती धन्यवादित झाली. तिचा देह आज साँ-निझिएच्या चर्चमध्ये आहे. सतराव्या वर्षी रेशमी वस्त्रांत ती ज्या चर्चमध्ये प्रवचन ऐकत बसली होती, तेच हे चर्च.