मातांचा कैवारी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्ना शहरातील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात जाण्याची पाळी आली, की गोरगरीब स्त्रिया गुडघे टेकून दुसरीकडे पाठविण्याची विनवणी करीत. कारण तेथे कित्येक माता बाळंतज्वराने दगावत, हे साऱ्या शहराला ठाऊक होते. १८४६ साली त्या विभागात शंभरांमागे सुमारे अकरा माता दगावल्या. सुइणींच्या विभागात हे प्रमाण तीनहूनही कमी होते.

त्याच वर्षी इग्नाझ सेमेलवाइस हे तरुण डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बुडा या नगरात झाला होता. छप्पर एक, हवा एक, अन्नही एकच. मग मृत्यू एकाच विभागावर का कोपावा? या प्रश्नाने त्यांची झोप उडाली.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांचे निधन झाले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. कोलेच्कांच्या देहात आढळलेली लक्षणे सेमेलवाइस यांनी अभ्यासली आणि ते चमकले. दगावलेल्या मातांच्या देहांतही अगदी तीच लक्षणे दिसत असत! डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत. सुइणी मात्र शवांना हात लावीत नसत. मृत्यू डॉक्टरांच्या हातांवर बसून येत होता. ते हात सेमेलवाइस यांचेही होते. आपल्यामुळे किती माता गेल्या असतील, या विचाराने त्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले.

परंतु ते केवळ शोक करीत बसले नाहीत. साबणाने धुतल्यावरही हातांना शवाची दुर्गंधी येते, हे त्यांनी ताडले होते. म्हणून मे महिन्यापासून प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून रुग्णास स्पर्श करू नये, असा नियम त्यांनी घातला. एप्रिलमध्ये शंभरांमागे अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनवर आले!

एवढे होऊनही अनेक मान्यवर वैद्यांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. आपल्याच हातांनी रोग पसरतो, हे कबूल करणे त्यांना जड गेले. सेमेलवाइस यांनीही आपला शोध सविस्तर लिहून काढण्यास फार विलंब लावला; त्यांचा ग्रंथ १८६१ साली बाहेर आला. विरोधकांना त्यांनी लिहिलेली पत्रे इतकी कठोर होती, की त्यांमुळे शत्रूच वाढले. १८५० सालीच ते व्हिएन्ना सोडून पेस्टला परतले होते. तेथील रुग्णालयातही त्यांनी बाळंतज्वर आटोक्यात आणला. पुढे मात्र त्यांचे मन ढळले. १८६५ साली त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १३ ऑगस्ट रोजी तेथेच, जखमेचे विष रक्तात भिनून, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली होती. त्या मुलाचा पाय वाचला. पाश्चर आणि लिस्टर यांच्या कार्यामुळे जंतूंचे खरे स्वरूप जगास कळले आणि सेमेलवाइस यांचे म्हणणे खरे ठरले.

हा लढा अद्याप संपलेला नाही. रुग्णालयातील नळांवर व उपकरणांवर जंतू चिकट थर करून राहतात. त्या थराआड जंतुनाशक औषध सहजी पोहोचत नाही. काही जंतूंनी तर औषधे सोसण्याचीही शक्ती मिळविली आहे. म्हणून नुसते औषध ओतून भागत नाही. तो थर आधी घासून काढावा लागतो. आजही रुग्णाजवळ जाण्यापूर्वी डॉक्टर व परिचारिका हात स्वच्छ करतात. त्या साध्या कृतीतच सेमेलवाइस यांचे खरे स्मारक आहे.