वारीला न गेलेले वारकरी : संत सावता महाराज



आपली दिंडी शंभर वर्षं चालते आहे. या स्मरणिकेत वीणा धरणाऱ्यांचं, पताका खांद्यावर घेणाऱ्यांचं, अनवाणी चालणाऱ्यांचं स्मरण होतं आहे, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण माउलीहो, याच स्मरणिकेत एका अशा संताचं चरित्र मुद्दाम द्यायचं आहे, जे परंपरेच्या सांगण्याप्रमाणं कधी वारीला गेलेच नाहीत. पंढरपूर त्यांच्या गावापासून एक-दोन दिवसांच्या चालीवर. तरी ते गेले नाहीत, आणि तरी थोर वारकरी संतांत त्यांची गणना होते. ते म्हणजे आरणचे संत शिरोमणी सावता महाराज, आपले सावतोबा.

आरण हे गाव सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ. सावतोबांचा जन्म शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५० चा. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात विठ्ठलाचं नाव आणि दाराबाहेर मळा, या दोहोंत लेकरू वाढलं. पुढं भेंड गावच्या जनाईशी लग्न झालं. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई ही मुलगी, अशी दोन लेकरं झाली. ज्ञानोबा माउलींचा जन्म झाला तेव्हा सावतोबा पंचविशीत होते, आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा चाळिशीत. तेरचे गोरोबाकाका, नामदेवराय, गंगाखेडची जनाबाई ही सगळी आपल्या मराठवाड्याच्या मातीशी जोडलेली मंडळी त्याच काळातली.

गोरोबांनी मडकी घडवली, सावतोबांनी माळवं पिकवलं. त्यांचं सगळं चरित्र त्या मळ्यात आहे. पहाटे बैल मोटेला जुंपायचे, धावेवरून खाली हाकायचे, मोट थारोळ्यात ओतली की पाणी पाटानं वाफ्यात जायचं. एक वाफा भरला की मातीनं त्याचं तोंड बांधायचं आणि दुसऱ्याचं दार फोडायचं. मग खुरपणी, मग काढणी, मग जुड्या बांधणं. हात कामात आणि मुखी नाम.

ते वारीला का गेले नाहीत, हे ज्यानं परसात चार वेल लावलेत त्याला सांगावं लागत नाही. ज्वारी पेरली की ती आपली आपण उगवते. पेरणी उरकून कुणब्याला आषाढीला निघता येतं. आपल्या नांदेड-लातूरच्या दिंड्याही पावसाकडं आणि पेरणीकडं बघतच निघत आल्या आहेत. पण माळव्याला असा सुटीचा पंधरवडा नसतो. मेथी महिन्याच्या आत खुडायला येते, चार दिवस उशीर झाला की फुलावर जाते. मुळा वेळेवर उपटला नाही तर आतून जाळी धरतो. भेंडी एका दिवसाआड तोडली नाही तर जून होते, आणि झाडावर जून शेंगा राहिल्या की नवी फळधारणा कमी होते. कोथिंबिरीच्या वाफ्याला उन्हात दोन पाळ्या चुकल्या तर तो पिवळा पडतो. माळ्यानं पंधरा दिवस पाठ फिरवली तर परत आल्यावर त्याला मळा नाही, वाळवण दिसतं.

एवढं जपणं म्हणजे मोहच की, असं कुणी म्हणेल. सावतोबांनी त्याचं उत्तर जगून दिलं. ज्या विठ्ठलाला भेटायला लोक चालत जातात, तोच विठ्ठल त्यांना पानात, मुळात, मोटेच्या नाड्यात दिसला. मग पाणी पाजणं हाच अभिषेक आणि खुरपणं हीच पूजा. वाफा वाळत ठेवून निघालो तर देवाला तहानलेलं ठेवून देवाला भेटायला गेल्यासारखं होईल, असा तो भाव होता. आळस लपवायला त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं नाही. दिवसभर राबून घेतलं.

परंपरेतली एक कथा इथं सांगितलीच पाहिजे. पैठणला कूर्मदास नावाचे भक्त होते. त्यांना हात-पाय नव्हते. ते लोळत लोळत पंढरीला निघाले आणि कुर्डुवाडीजवळच्या लऊळ गावापर्यंत आले. पुढं शरीर चालेना. त्यांनी वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला, आणि देव स्वतःच ज्ञानदेव-नामदेवांना घेऊन त्यांच्या भेटीला निघाले. वाटेत आरण लागलं. दोघांना मागं ठेवून पांडुरंग एकटेच धावत सावतोबांच्या मळ्यात शिरले आणि मागं चोर लागलेत, कुठंतरी लपव, असं म्हणाले. सावतोबांनी खुरप्यानं आपली छाती चिरली, देवाला आत ठेवलं आणि वरून उपरणं बांधलं. नामदेवराय देव शोधत व्याकूळ होऊन आले, तेव्हा कुठं सावतोबांनी देवाला बाहेर काढलं. मग सगळे मिळून लऊळला कूर्मदासांकडं गेले.

ही कथा नीट ऐकली तर तिच्यात दोन भक्त आहेत. एकाला पाय नव्हते म्हणून पोचता आलं नाही, दुसऱ्याला मळा सोडता आला नाही. त्या दोघांसाठी देवानं एकच वारी केली.

दुसरी कथा घरातली आहे. एकदा जनाईचे आईवडील आले, पण सावतोबा भजनात इतके रंगले होते की पाहुण्यांची विचारपूस राहिली. जनाई रागावल्या, आणि त्यांचं रागावणं खोटं नव्हतं. सावतोबांनी राग न धरता त्यांची समजूत काढली. पुढं त्या माउलीनं तो संसार आणि ती भक्ती दोन्ही सांभाळली. मळ्याचं काम एकट्याच्या हातानं होत नसतं, हे बायाबापड्यांना चांगलं ठाऊक आहे.

सावतोबांनी अभंग रचले, काशिबा गुरवांनी ते लिहून ठेवले. आज त्यांचे ३७ अभंग मिळतात. भाज्यांची नावं असलेला त्यांचा प्रसिद्ध अभंग लेकरांनाही पाठ असतो. त्यात मिरची येते. खरं तर मिरची आपल्या देशात पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली, सावतोबांच्या काळानंतर दोनशे वर्षांनी. त्यांच्या वेळी तिखटाला मिरी होती. याचा अर्थ एवढाच, की हा अभंग कागदात बंद राहिला नाही. मळ्यामळ्यांत गायला गेला, आणि गाणाऱ्याच्या वाफ्यात जे नवं उगवलं त्यातही त्याला हरी दिसला. सावतोबांची शिकवण याहून वेगळी काय आहे?

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, इसवी सन १२९५ रोजी सावतोबा आरणलाच विठ्ठलचरणी विसावले. वय अवघं पंचेचाळीस. ज्या मळ्यात राबले तिथंच त्यांची समाधी आहे. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावतोबांची येत नाही. उलट काला झाल्यावर पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून आरणला जाते. त्या पुण्यतिथीच्या सोहळ्यात आजही माळ्याच्या दारी देव जातो.

आता आपल्याकडं बघू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ती गाडी पंढरपूर-कुर्डुवाडीच्याच मार्गानं, सावतोबांच्या मुलखातून आली. तसल्या टंचाईत धुण्या-भांड्याचं पाणी आळ्यात ओतून दारचा शेवगा आणि दोडक्याचा वेल जगवणं म्हणजे काय, हे सावतोबांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

म्हणून एक विनंती. दिंडी निघते तेव्हा प्रत्येक घरातून कुणीतरी मागं राहतं. म्हातारी सासू राहते, बाळंतीण राहते, गुरांना चारा घालणारा गडी राहतो, परसात पाणी घालणारी लेक राहते. त्यांच्या राहण्यावर आपलं चालणं उभं असतं. मुक्कामाच्या गावी आपल्या पंगतीला जी भाजी येते, तीही कुणीतरी सकाळी उठून खुडलेली असते. दिंडीच्या वहीत अशांची नावं चढत नाहीत. यंदा बुक्का आणि प्रसाद घेऊन घरी आलो की आधी त्यांच्या पाया पडू, आणि मगच वारी पुरी झाली असं म्हणू.

ज्याला चालता येतं त्यानं चालावं. ज्याला मागं राहावं लागतं त्यानं मन लहान करू नये. परसातला वाफा ओला ठेवावा, नाम घ्यावं. आरणला गेलेला देव तुमचं दार चुकवणार नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.