अंथरुणावरचा घोडेस्वार

आमच्या घरात सध्या अंगठीचं राज्य आहे. नात नववीतून दहावीत गेली आणि सुटी लागल्या लागल्या तिने टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे भाग वाचायला घेतले. मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद. तो छापला आमच्याच शनिवार पेठेतल्या डायमंड पब्लिकेशन्सने, त्यामुळे मला उगाच पेठेचा अभिमान वाटतो. पोरगी जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवते, आणि आमटी पानावर सांडली की आईचा आवाज ऐकण्याआधी ते लपवते. न सापडणाऱ्या देशाचे नकाशे, कुणीही न बोललेल्या भाषा, घोडेस्वार, बुरूज आणि हजारभर पानांचा प्रवास! परवा तिने मला सरळच विचारलं, की आबा, आपल्याकडे असं कुणी लिहिलंच नाही का?

मी म्हटलं, नाथमाधव. तिने ते नाव ऐकलंही नव्हतं. तिच्या आईनेही नाही. मग मला तो १९६१ सालचा जुलै आठवला.

तेव्हा आम्ही ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीकडच्या एका वाड्यात राहत होतो. मी बारा वर्षांचा. मे महिन्यात माळ्यावरच्या अढीतला आंबा चोरताना शिडीवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने प्लॅस्टर. बाहेर पोरं विटीदांडू खेळतायत आणि आपण छताच्या तुळया मोजतोय, ही शिक्षा बारा वर्षांच्या मुलाला काय असते ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. वडील कचेरीतून येताना गल्लीतल्या वाचनालयातून पुस्तकं आणत. एकदा त्यांनी एक जाडजूड, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक आणलं. पहिली चार-सहा पानं गायब. पाठीवर शाईने फक्त 'वीरधवल' एवढंच लिहिलेलं. लेखक कोण, याचा पत्ता नाही.

त्या दिवसापासून मी तुळया मोजणं सोडलं. राजे, गड, कारस्थानं, रात्रीच्या चकमकी, संकटातून निसटणारा नायक. खरं सांगायचं तर आज साठ वर्षांनंतर कथानकाचे धागे माझ्या डोक्यात एकमेकांत गुंतलेत. आठवते ती धाप. पाय प्लॅस्टरमध्ये आणि मी मात्र घोड्यावर. पुस्तक संपू नये म्हणून मी रोज मोजून पानं वाचायला लागलो. आईने हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते हसले होते, कारण त्यांनीही लहानपणी हेच केलं होतं.

१२ जुलैच्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. नदीकडून माणसं ओरडत येत होती. वडिलांनी मला प्लॅस्टरसकट पाठुंगळीला घेतलं, आईने धाकट्या बहिणीला आणि दागिन्यांच्या डब्याला, आणि आम्ही बुधवारातल्या मावशीकडे निघालो. उशाजवळचा 'वीरधवल' तसाच राहिला. शेवटची शंभरेक पानं वाचायची होती. वडिलांच्या पाठीवर मी रडत होतो ते पाण्याच्या भीतीने, असा सगळ्यांचा समज झाला. मी तो कधी दूर केला नाही.

पाणी ओसरल्यावर वाड्यात कमरेइतका गाळ आणि पडलेल्या भिंती. पुस्तक कुठलं सापडायला? वडील त्याची किंमत भरायला वाचनालयात गेले, तर वाचनालयाचे मालक स्वतःच दोरीवर पुस्तकं वाळत घालत होते. त्यांनी नुसता हात हलवला.

मी दसऱ्याला चालायला लागलो. 'वीरधवल'ची उरलेली पानं मात्र मला कॉलेजात गेल्यावर मिळाली, एका मित्राच्या घरच्या प्रतीत. त्या प्रतीला पहिलं पान होतं. तिथे पहिल्यांदा नाव वाचलं : नाथमाधव. आणि हे नाथमाधव कोण, ते त्यानंतरही काही वर्षांनी, एका चरित्रकोशाच्या पानावर वाचलं. वाचनालयाच्या बाकावर मी किती तरी वेळ तसाच बसून राहिलो.

त्यांचं खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या नावातलं 'नाथ' आणि वडिलांचं 'माधव' जोडून त्यांनी टोपणनाव घेतलं. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२. शिक्षण बेताचंच, पदवी वगैरे काही नाही. पोटासाठी कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी. म्हणजे मुंबईतल्या हजारो तरुणांसारखा हा एक तरुण. सकाळी कामावर जावं, संध्याकाळी परतावं. असं आयुष्य पुढे गेलं असतं तर आज कुणाला त्यांचं नावही ठाऊक झालं नसतं.

ऐन तारुण्यात ते सिंहगडावर गेले आणि कड्यावरून खाली पडले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं ते पडलंच. धडधाकट तरुण कायमचा परावलंबी झाला.

मला त्यांच्या चरित्रातली ही दोन ओळींची गोष्ट पुढे सरकूच देईना. सिंहगड! आमच्या वाड्याच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी नैऋत्येला दिसायचा तो. पाय बरा झाल्यावर मी किती वेळा चढलो असेन, त्याला गणती नाही. वर जायचं, पिठलं-भाकरी खायची, मडक्यातलं दही खायचं, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला नमस्कार करायचा आणि उतरायचं. १६७० च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री मावळे जो कडा चढून गेले, त्याकडे वाकून पाहायचं. त्याच गडाच्या कड्यावरून माझ्या 'वीरधवल'चा लेखक कोसळला होता, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा कड्याच्या काठाशी दोन पावलं मागेच उभा राहिलो.

आजारपणात वाचन आलं. तो काळ हरिभाऊ आपट्यांचा होता. शनिवार पेठेतून पायी दहा मिनिटांवर, अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाचा कारभार हरिभाऊ पाहत आणि १८९० पासून 'करमणूक' चालवीत. 'उषःकाल'ने आणि सिंहगडावरच बेतलेल्या 'गड आला पण सिंह गेला'ने महाराष्ट्राला इतिहासाची गोडी लावली होती. पितळे वाचत गेले आणि मग लिहू लागले. १९०८ साली 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी आली. लेखक सव्विशीत होता.

पुढची वीस वर्षं हा माणूस थांबला नाही. 'सावळ्या तांडेल' आली. तिच्या तर नावातच समुद्राचा वारा आहे. 'रायक्लब' आली, 'देशमुखवाडी' आली, तीन भागांची 'डॉक्टर' आली. सामाजिक कादंबऱ्यांत त्यांनी स्त्रीशिक्षणासारख्या सुधारणांची बाजू घेतली. त्या मी पुढे वाचल्या; प्रामाणिक वाटल्या, पण आज त्या जरा दमवतात. माझा जीव 'वीरधवल'मध्येच आहे. १९१३ सालची ही कादंबरी. त्या वर्षी टॉल्किन ऑक्सफर्डला विद्यार्थी होता, हे मी नातीला मुद्दाम सांगितलं.

आणि टॉल्किनचीही एक गोष्ट तिला सांगितली, जी तिच्या पुस्तकात नाही. १९१६ साली तो फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होता. खंदकातल्या उवांमुळे होणारा ताप त्याला जडला आणि त्याला इंग्लंडला परत पाठवलं. इस्पितळात आणि त्यानंतरच्या विश्रांतीत त्याने आपल्या कल्पित जगातल्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या. ज्या अंगठीच्या कथेने नातीला वेड लावलंय तिचे भाग १९५४-५५ मध्ये आले, पण ते जग रुजलं ते आजाऱ्याच्या खाटेवर. टॉल्किन मात्र बरा झाला, प्राध्यापक झाला, मुलाबाळांत ८१ वर्षांचा होऊन गेला. नाथमाधवांना खाटेवरून उठणं नव्हतं.

'वीरधवल' ही काही निर्दोष कादंबरी नाही. योगायोग सढळ हाताने वापरलेत, वर्णनं ऐसपैस आहेत. फडके-खांडेकरांच्या पिढीने कादंबरीला निराळं वळण दिल्यावर टीकाकारांनी अद्भुतरम्य म्हणून असली पुस्तकं बाजूला सारली. त्यांचं काही चुकलं असंही नाही. पण वाचनालयातल्या प्रतींची पहिली पानं फाटतात ती टीकाकारांच्या हाताने नव्हे. सत्तेचाळीस साली माझ्या वडिलांच्या बरोबरीची मंडळी, एकसष्टात मी, अशा किती जणांनी ती पानं उलटली असतील! आणि मला स्वतःला एक गोष्ट कायम चकित करते. या पुस्तकात कुठेही खाट नाही. लेखकाच्या दुःखाचा एक सुस्कारा नाही. सगळं चाललंय, धावतंय, उड्या मारतंय. मी स्वतः तीनच महिने खाटेवर होतो, तर तेवढ्यात माझ्या बोलण्यात पायाशिवाय दुसरा विषय उरला नव्हता.

हरिभाऊ १९१९ साली गेले. त्यानंतर नाथमाधवांनी शिवकाळाला हात घातला आणि एकामागून एक सात कादंबऱ्यांची माळ ओवली : 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट', 'स्वराज्याची घटना', 'स्वराज्याचे परिवर्तन' आणि 'स्वराज्यातील दुफळी'. नुसती नावं वाचली तरी माणसाने केवढा पल्ला डोळ्यांपुढे ठेवला होता ते दिसतं. ज्या गडाने पाय घेतले, तो गड ज्या राजाचा, त्याच्याच राज्याची कथा लिहिण्यात त्यांनी अखेरची वर्षं घालवली. गडावर राग धरला असता तरी कुणी दोष दिला नसता. २१ जून १९२८ रोजी ते गेले. वय अवघं ४६.

हे सगळं ऐकून नात गप्प झाली. मग म्हणाली, की आधी अंगठीचं काय होतं ते संपवते. मी म्हटलं, बरोबर आहे, मध्येच सोडायचं नसतं. चार दिवसांनी कपाटातली माझी 'वीरधवल' जागेवर दिसेना. हल्ली ताटाशेजारी तीच असते. काल माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. शेवटी कोण जगतं एवढंच फक्त सांगा म्हणाली. किती पानं राहिलीत, म्हणून विचारलं. शंभरेक म्हणाली.

मी सांगितलं नाही.